कुस्तीतून एमएमएकडे: पैलवानाचा कान, मान आणि डोकं

नवीन पेशंट औषधाची चिठ्ठी हातात घेता घेता हमखास विचारतो, "डॉक्टर, तुमच्या डाव्या कानाला काय झालंय?" लहान मुलं तर विचारतही नाहीत, सरळ बोट लावून बघतात. माझा तो कान वरच्या बाजूने जाड आहे, गाठीगाठींचा, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. मी सांगतो, "तालमीतली कमाई आहे ती."

पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे तालीम होती. आठवी ते बारावी मी तिथे अंगाला माती लावली. पुढे घाटीत एमबीबीएसला नंबर लागला आणि माती सुटली. (घाटी म्हणजे आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.) मी काही मोठा पैलवान नव्हतो. जत्रेतल्या रेवड्या-नारळावरच्या कुस्त्या, एवढीच माझी मजल. कान मात्र नामांकित पैलवानाचा मिळाला.

गेल्या महिन्यात असाच एक कान माझ्या गारखेड्याच्या क्लिनिकमध्ये आला. माझा कान तीस वर्षांपूर्वी वाळून दगड झालेला. हा ताजा, लालबुंद, बोटाने दाबला तर आत पाणी असल्यासारखा लागणारा. मुलगा एकोणीस वर्षांचा, सोबत वडील. (दोघांच्या परवानगीनेच लिहितोय, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

वडील खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले. "डॉक्टरसाहेब, ह्याला कुस्तीला घातलं होतं. पाच-सहा वर्षं खुराक केला. आता म्हणतो एमएमए खेळायचं. पिंजऱ्यात मारामाऱ्या करायलाय. ऐकनाच आमचं. तुम्ही तरी समजावून सांगा."

मुलगा खाली मान घालून बसला होता. मी कान तपासता तपासता सवयीने विचारलं, "डोक्याला मार? चक्कर? कधी शुद्ध हरपली होती का?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "परवा सरावात झोपलो होतो सर."

"झोपलास म्हणजे?"

"चोक लागला. पाच-दहा सेकंद काही कळलं नाही. उठलो तर सगळे वरून बघायलेत."

"मग थाप का नाही मारलीस?"

त्याने माझ्या कानाकडे बघितलं. "सर, तुम्ही पण माती खेळलाय. पैलवान कधी थाप मारतो का?"

खरं सांगतो, मला पटकन उत्तर सुचलं नाही. वडिलांचा प्रश्न 'हा खेळ आहे की मारामारी' हा होता. मुलाचं उत्तर त्याहून जास्त काळजीचं होतं. त्या दिवशी ओपीडीत बाहेर बारा पेशंट बसलेले, त्यामुळे दोघांना घाईत सांगावं लागलं. तेच इथे सावकाश लिहितो, कारण अलीकडे मोबाइलवर झुंजी बघून एमएमएच्या वाटेला लागलेली बरीच मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांचे आईवडील एकच विचारतात: ह्याच्यात यायला नेमकं काय शिकावं लागतं, आणि त्याने पोराच्या शरीराचं काय होतं?

एमएमए म्हणजे नेमकं काय?

मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे नावाप्रमाणेच मिसळ. ठोसे, लाथा, गुडघे चालतात. धरून पाडता येतं. खाली पडल्यावरही झुंज थांबत नाही, तिथे हात पिळता येतो, गळा आवळता येतो. बोटं उघडी राहतील असे पातळ ग्लोव्ह्ज, पाच मिनिटांची एक फेरी, साधारण तीन फेऱ्या, मोठ्या किताबासाठी पाच. डोळ्यात बोट घालणं, चावणं, जांघेत मारणं याला बंदी. म्हणजे नियम आहेत, पंच आहे, डॉक्टर बाजूला बसलेला असतो. रस्त्यावरची मारामारी नव्हे. पण बुद्धिबळही नव्हे.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसीचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा प्रश्न साधा होता: सगळ्या विद्यांत भारी कोणती? एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. जिंकला ब्राझीलचा रॉईस ग्रेसी. अंगाने बऱ्याच जणांपेक्षा सडपातळ, अंगात पांढरा झगा. एका रात्रीत त्याने तिघांना हरवलं, तेही ठोसे मारून नाही. खाली पाडायचं, चिकटून राहायचं आणि शेवटी शरण आणायचं. त्याच्या घराण्याची जिउजित्सू मुळात जपानची. मित्सुयो माएदा नावाचा ज्युदोका १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला, त्याच्याकडून ती ग्रेसी कुटुंबात गेली.

त्या रात्रीनंतर सगळ्यांनाच कळलं, की जमिनीवरची विद्या येत नसेल तर नुसत्या ठोशांनी भागत नाही. मग जिउजित्सूवाले ठोसे शिकले, बॉक्सर कुस्ती शिकले, कुस्तीगीर गळा आवळायला शिकले. आज मोठ्या स्तरावर फक्त एका विद्येवर उभा राहणारा खेळाडू सापडत नाही. तरीही प्रत्येकाची एक मूळ विद्या असते, लहानपणी हाडात मुरलेली. बाकीच्या तिच्यावर चढवलेल्या. दागिस्तानचा खबीब नुरमागोमेदोव्ह घ्या. कुस्ती, ज्युदो आणि कॉम्बॅट साम्बो या तिन्ही विद्या अंगात, वडीलच वस्ताद. २९ झुंजी, एकही हार नाही, आणि २०२० मध्ये निवृत्त. शेवटची झुंजसुद्धा गळा आवळूनच जिंकली. किंवा आपली पूजा तोमर. तिची मूळ विद्या वुशू, म्हणजे उभं राहून लाथा-ठोशांची. जून २०२४ मध्ये यूएफसीत झुंज जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

म्हणून 'किती विद्या शिकल्या' हे मोजून काही कळत नाही. मूळ विद्येने शरीराला कोणत्या सवयी लावल्या, आणि त्यातल्या कोणत्या मोडाव्या लागणार, हे बघावं लागतं. माझ्या दृष्टीने सगळं गणित इथे आहे, आणि दुखापतीही इथूनच येतात.

आपली मूळ विद्या

आपल्याकडच्या मुलाची मूळ विद्या बहुतेक वेळा कुस्ती. त्यात नवल नाही. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली याच शहरात झाली, दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्यांच्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात मल्लविनोदावर वेगळं प्रकरण आहे. ते कल्याणी आपल्या लातूर-उदगीरच्या पलीकडे, बीदर जिल्ह्यात. राजाने पैलवानांच्या आहार-व्यायामाची दखल घ्यावी इतका हा भाग जुना शौकीन आहे.

एमएमएवाल्यांना कुस्तीगीर का आवडतो? कारण झुंज उभ्याने होणार की खाली, हे कुस्तीगीर ठरवतो. इंग्रजी समालोचक ज्याला टेकडाउन म्हणतात, ते आपले एकेरी पट आणि दुहेरी पटच. समोरच्याच्या अंगावर वजन कसं टाकून ठेवायचं, थकलेल्या अवस्थेत पकड कशी सोडायची नाही, हे पैलवानाला शिकवावं लागत नाही. जोर-बैठकांनी आणि रोजच्या लढतींनी कमावलेला दम असतो. आणि मान! तालमीतल्या पोराची मान बघा, डोक्याइतकीच रुंद.

पण आपल्या कुस्तीला दुसऱ्या विद्येचा धक्का बसायची गोष्ट एमएमएपेक्षा जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीवरून थेट गादीवर उतरले होते, सहावे आले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाकडून तिथे त्यांनी काही धडे घेतले. चार वर्षांनी हेलसिंकीत ब्राँझ पदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांचा हुकमी डाव ढाक: समोरच्याची मान काखेत धरून त्याला उलथवून टाकायचं. हेलसिंकीत ते ज्याच्याकडून हरले तो जपानचा शोहाची इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. हा इशी मूळचा ज्युदोका. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. खाशाबांसमोर उभा राहिलेला माणूस दोन विद्या अंगात घेऊन आला होता. एमएमए हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता.

शांघायची रात्र

आता मराठी माणसाच्या एमएमएची गोष्ट. मुंबईचा भरत खंडारे राष्ट्रीय पातळीवरचा कुस्तीगीर. २०१२ मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली, भारतात व्यावसायिक एमएमएला मोठं व्यासपीठ मिळालं, आणि भरत त्यात किताबापर्यंत पोहोचला. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये तो यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. भारतातून थेट तिथवर पोहोचलेला पहिला खेळाडू. त्या वेळी त्याच्यामागे ना सरकारी कोटा, ना खेळाची मान्यता, ना घरोघरी नाव. कुस्तीच्या जोरावर माणूस तिथे गेला, हे मला फार मोठं वाटतं, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही असंही वाटतं.

समोर होता चीनचा सोंग यादोंग, वय १९. लहानपणापासून वुशूत वाढलेला, पुढे जगातल्या पहिल्या काही बँटमवेट खेळाडूंमध्ये गणला गेलेला. पहिल्याच फेरीत भरत हरला, गिलोटिन चोकने. समोरून मानेभोवती हात घालून गळा आवळायचा, तो गिलोटिन.

एका रात्रीवरून कोणाचं मोजमाप करू नये. पण गिलोटिन हे नाव ऐकलं की माझ्यातला जुना पैलवान आणि आजचा डॉक्टर दोघेही कान टवकारतात. कुस्तीतून येणाऱ्या खेळाडूसाठी सगळ्यात जास्त लावला जाणारा सापळा हाच. का, ते समजून घ्या.

पट काढायला पैलवान वाकतो, डोकं समोरच्याच्या बरगडीशी जातं. कुस्तीत गळा आवळायला बंदी आहे. मान धरली तर फार तर ढाक बसेल, त्याचा तोड त्याला माहीत असतो. म्हणून मान तिथे राहिली तरी शरीराला धोक्याची घंटा ऐकू येत नाही. एमएमएत तीच मान, त्याच जागी, दुसऱ्याच्या हातात सापडली की खेळ संपतो.

दुसरं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. कुस्तीत पाठ टेकली की चितपट. म्हणून अडचणीत आलेला पैलवान कुठे वळतो? पोटावर. दोन्ही हातांनी माती धरून पडून राहतो, समोरचा वर बसून कितीही घिस्सा मारो. कुस्तीत ती सुरक्षित जागा. एमएमएत पाठीवर पडणं म्हणजे हार नाही, जिउजित्सूवाला तर पाठीवर पडूनच लढतो. उलट पोटावर वळलात म्हणजे पाठ त्याच्या हवाली केलीत. तो मागून गळ्यात हात घालतो. एकच हालचाल, एका खेळात वाचवणारी, दुसऱ्यात बुडवणारी.

आणि ही हालचाल विचार करून होत नाही. हजारो वेळा केलेली गोष्ट लहान मेंदू आणि त्याच्याशी जोडलेली मेंदूतली यंत्रणा स्वतःच चालवते, सायकल चालवताना तोल सांभाळावा तशी. डोक्याला कळतं की वळायचं नाही. शरीर आधीच वळलेलं असतं. म्हणून नवी विद्या शिकायला सहा महिने लागले, तर जुनी सवय मोडायला दोन वर्षं धरा. माझ्याकडे आलेला मुलगा एमएमए शिकू लागून चारच महिने झाले होते.

गळा आवळला की आत काय होतं?

हनुवटीच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं तर ठोके लागतात. एका वेळी एकाच बाजूला बघा, दोन्ही बाजू एकदम दाबू नका. त्या कॅरोटिड रोहिण्या, मेंदूला जाणारं बरंचसं रक्त त्यांच्यातून जातं. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास २० टक्के तो वापरतो. साठवण मात्र काहीच नाही. दोन्ही रोहिण्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. श्वास चालू असतो, दुखतही फारसं नाही. खेळाडू म्हणतात, आवाज लांब गेल्यासारखा वाटतो आणि डोळ्यांपुढे अंधार येतो. पकड लगेच सुटली तर बहुतेक जण काही सेकंदांत उठून बसतात. काहींचे हातपाय त्या वेळी झटके आल्यासारखे हलतात. बघणाऱ्याला फिट वाटते.

श्वासनलिका दाबली गेली तर प्रकार वेगळा. ते भयंकर दुखतं, आणि घशाच्या कूर्चेला इजा होऊ शकते. आवाज बसला, थुंकीत रक्त आलं, गिळताना दुखलं किंवा श्वासाला घरघर लागली तर घरी हळद-दूध पीत बसू नका, दवाखान्यात या.

आणखी एक गोष्ट क्वचित होते, पण ती माहीत असायलाच हवी. मान जोरात पिळली किंवा दाबली गेली तर रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत जाऊन पंचविशीतल्या माणसालाही लकवा होऊ शकतो. तोही त्याच दिवशी होईल असं नाही, काही दिवसांनीही होऊ शकतो. मानेच्या एकाच बाजूला नव्याने दुखणं, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी, एक पापणी उतरणं, तोंड वाकडं होणं, हातापायात कमजोरी, बोलणं अडखळणं, दिसण्यात फरक: यातलं काहीही दिसलं तर त्या क्षणी मोठं हॉस्पिटल गाठा, आणि 'सरावात गळा आवळला गेला होता' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुलं हे लपवतात. घरचे रागावतील म्हणून.

सरावात कोणी बेशुद्ध झालाच तर पकड सोडा, सपाट झोपवा, श्वास बघा. पाणी पाजू नका, तोंडात काही घालू नका, कांदा हुंगवू नका. वीस-तीस सेकंदांत पूर्ण शुद्धीवर आला नाही तर १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात. शुद्धीवर आला तरी त्या दिवसाचा सराव संपला.

या सगळ्यावरचा उपाय फुकटचा आहे: थाप. समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने दोन-तीनदा आपटायचं, तो सोडतो. ग्रेसीच्या विद्येत पोरं पहिल्या दिवशी हे शिकतात, सरावात दिवसातून वीस वेळा थाप मारतात, आणि पुन्हा हात मिळवून सुरू होतात. त्यात त्यांना काही वाटत नाही. आपल्या मातीत मात्र शरण जाण्याची खूणच नाही. पडेपर्यंत पडायचं नाही, हीच शिकवण. तालमीत ती बरोबर आहे, कारण चितपट झाल्याने मेंदूचं रक्त थांबत नाही. मी त्या मुलाला हेच म्हणालो: कुस्तीत हरणं वेगळं आणि थाप मारणं वेगळं. थाप हा डाव आहे, तोसुद्धा रोज घोटावा लागतो.

डोकं, वजन आणि बाकीचं

कुस्तीगीराला एमएमएत सगळ्यात नवीन काय, तर डोक्यावर येणारे ठोसे. उभ्याने मारायच्या विद्या, बॉक्सिंग, मुय थाई, किकबॉक्सिंग, त्याला शिकाव्याच लागतात, आणि उत्साहात सरावातच जोरजोरात मारामारी होते. माझा अनुभव असा, की ही पोरं झुंजीपेक्षा सरावात जास्त मार खातात. कवटीच्या आत मेंदू हादरतो. त्याला आम्ही कन्कशन म्हणतो. बेशुद्ध झालंच पाहिजे असं नाही. डोकं जड होणं, उजेड सहन न होणं, चिडचिड, आठवण तुटणं, झोप बिघडणं, एवढ्यावरही ते असू शकतं. हेडगार्डने कवटी आणि कातडी वाचते, मेंदूचं हादरणं थांबत नाही. आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही, असंही नाही. सीटी फक्त रक्तस्राव आणि फ्रॅक्चर नाही एवढं सांगतो. कन्कशनची शंका असेल तर त्याच दिवशी पुन्हा खेळायचं नाही. एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग बिनधक्क्याचा सराव, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच अंगाला अंग. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट, कानानाकातून पाणी: हे असेल तर रात्री दोन वाजता का होईना, निघा.

वजनाबद्दल थोडं. झुंजीच्या आदल्या दिवशी वजन होतं, म्हणून पोरं शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडतात, प्लास्टिकचा सूट घालून पळतात. कमी होतं ते पाणी. रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, किडनी कुरकुरते, पोटॅशियम बिघडतं. १९९७ मध्ये अमेरिकेत सुमारे महिनाभरात तीन कॉलेज कुस्तीगीर असं वजन उतरवताना दगावले, मग तिथले नियम बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट १०० ग्रॅमने बाद झाली तेव्हा आपण सगळे हळहळलो. त्या रात्री तिच्या शरीरावर काय गुजरलं असेल, याचा विचार त्या मानाने कमी झाला. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात, आधीच नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या शहरात, मुद्दाम तहानलेलं राहून गोगाबाबा टेकडीवर सूट घालून पळणाऱ्या पोरांना मी हात जोडतो. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या कोणी दिल्या तर घेऊ नका. त्या घातक तर आहेतच, डोपिंगमध्येही बंदी आहे.

त्वचेचंही सांगून टाकतो, कारण त्यासाठीच सर्वांत जास्त मुलं येतात. गादीवर घासून गजकर्ण होतं, आणि मेडिकलवाल्याकडून तीन-तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणून लावली जाते. तिच्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं आणि साध्या औषधाला दाद देत नाही.

राहिला कान. वरच्या भागात कूर्चा असते, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. घासून-दाबून ते आवरण सुटतं, मध्ये रक्त साचतं, कूर्चा उपाशी पडते आणि त्या जागी वेडीवाकडी नवी कूर्चा भरते. पहिल्या काही दिवसांत रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. घरी सुईने टोचू नका, पू होईल. नुसतं सुईने ओढून घेतलं तर बहुतेक वेळा पुन्हा भरतं. माझ्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. उलट, कान मोडला म्हणजे पैलवान झाला, असं म्हणून पाठ थोपटली. मलाही तेव्हा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

त्या मुलाचा कान तिसऱ्या दिवशी आला होता, म्हणजे वेळेत. कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या माझ्या मित्राकडे त्याच दुपारी पाठवलं. छोटी चीर देऊन रक्त काढलं, दोन्ही बाजूंना कापसाच्या गुंडाळ्या ठेवून टाके घेतले.

वडिलांना मी 'खेळू देऊ नका' म्हणालो नाही. तो निर्णय माझा नाही, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने तो ऐकलाही नसता. एवढंच सांगितलं, की एकदा त्याच्याबरोबर जिममध्ये जा आणि दोन गोष्टी बघा. कोणी थाप मारली की समोरचा किती झटकन सोडतो, आणि नवीन पोरांच्या डोक्यावर किती जोरात मारतात. वडील म्हणाले, "मला काय कळतंय त्याच्यातलं?" मी म्हटलं, "कुस्ती कळते ना? मग कळेल."

चार दिवसांनी ड्रेसिंग बदलायला मुलगा एकटाच आला. वडील जाऊन आले होते, दोन तास भिंतीला टेकून उभे राहिले, येताना काहीच बोलले नाहीत म्हणे. मग घरी जेवताना विचारलं, "ती थाप कशी मारतात रे?" त्याने ताटाशेजारी फरशीवर मारून दाखवली.

टाके मंगळवारी काढायचे आहेत. त्यानंतर तीन आठवडे कानाला घासणारा सराव बंद, मग कानपट्टा बांधून. आणि डोकं पूर्ण ठीक आहे की नाही हे तपासल्याशिवाय ठोसे नाहीत, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.